मामेभावाने दिलेला सुपरहिरोंचा डबा, ५००० ला देऊन टाकू का?

इंदिरानगरचा_मी

नमस्कार मंडळी, इथे पहिलीच पोस्ट आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मामेभाऊ मागच्या महिन्यात कॅनडाला गेला, कायमचाच गेला म्हणायला हरकत नाही, आणि जाताना त्याचा चिवड्याचा मोठा पत्र्याचा डबा माझ्या पोराच्या हातात देऊन गेला. उघडला तर आत बारके बारके सुपरहिरो, लेगोचे असतात ना तसले, बोटाच्या दोन पेरांएवढे. मोजले तर ५८ भरले, त्याशिवाय तळाला सुटे केस, हेल्मेट, तलवारी, कापडाच्या केप, एक अर्धं कुरतडलेलं डोकं (मामाकडे कुत्रा होता, तो संशयित).

पोरगं आठ वर्षांचं आहे, दोन दिवस खुश होतं. तिसऱ्या दिवशी मी हौसेने फोटो काढून एका ग्रुपवर टाकला की बघा काय खजिना मिळाला, तर तासाभरात एकाचा मेसेज, नाशिकरोडला राहतो, सगळा डबा ५००० ला घेतो, आज संध्याकाळी येऊ का. मी म्हटलं थांबा जरा. दुसऱ्या दिवशी ६५००. आता एवढी घाई बघून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, कारण मला यातलं शष्प कळत नाही. बॅटमॅन ओळखतो, स्पायडरमॅन ओळखतो, एक लाल-काळा पांढऱ्या डोळ्यांचा आहे तो पोरगं डेडपूल म्हणतंय, आणि एक टकला हिरव्या-काळ्या कपड्यातला आहे जो रागाने बघतोय, तो कोण ते दोघांनाही माहीत नाही.

गोंधळ असा की त्यात दोन बॅटमॅन अगदी सारखे दिसतात पण एकाचे पाय कट्ट आवाज करून बसतात आणि दुसऱ्याचे लोंबतात. म्हणजे काही डुप्लिकेट आहेत हे मलाही कळलं. भावाला विचारलं तर म्हणे अरे शाळेत असताना अदलाबदली करायचो, मेन रोडवरून पण घ्यायचो, कुठला कुठून आला काय आठवणार. बायको म्हणते दे विकून, पोराच्या सायकलला होतील. पोरगं म्हणतं नको. मला आधी हे कळू दे की हातात आहे काय. ओरिजिनल कसं ओळखायचं, किंमत कुठे बघायची, आणि त्या नाशिकरोडवाल्याला काय सांगू?

गंगापूररोड_ब्रिक्स

आधी त्याला काहीही सांगू नका. आणि फोटो काढून टाका ग्रुपवरून.

मी बारा-तेरा वर्षं गोळा करतोय, सांगतो जेवढं येतं तेवढं. सगळ्यात पहिलं काम, मुंडकं काढा. धडावर मानेचा जो गोल खुंट राहतो त्याच्यावर बारीक अक्षरात लेगो असं उठलेलं असतं, उभ्या उजेडात नाही दिसणार, मोबाईलचा टॉर्च आडवा धरा म्हणजे सावली पडते आणि अक्षरं वाचता येतात. खुंट कोरा असेल किंवा दुसरंच काही असेल तर ते धड बाजूच्या ताटात. असे दोन ढीग करा.

पण इथेच लोक फसतात. मानेवरचं नाव फक्त त्या धडाबद्दल सांगतं. वर मुंडकं दुसऱ्याचं असू शकतं, पाय तिसऱ्याचे, आणि शाळेतल्या अदलाबदलीत तर हे हमखास होतं, धड एकाचं मुंडकं भलत्याचं. शिवाय एक तिसराच प्रकार असतो, साध्या ओरिजिनल धडावर कोणीतरी बाहेर छपाई करून विकलेला. प्लास्टिक खरं, चित्र खोटं. त्यामुळे नाव दिसलं म्हणून नाचू नका, प्रत्येक तुकडा फोटोशी ताडून बघायचा. ब्रिकलिंक नावाची साइट आहे, २००० सालापासून चालू आहे, २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच ती विकत घेतली, तिथे प्रत्येक मिनीफिगरला, म्हणजे लेगोच्या अशा बारक्या बाहुलीला, नंबर असतो. २०१२ पासूनचे सुपरहिरो एसएच या अक्षरांनी सुरू होतात, २००६ ते २००८ वाली जुनी बॅटमॅन थीम वेगळी, तिचे नंबर बॅट म्हणून सुरू होतात. नंबर सापडला की आत तुकड्यांची यादी मिळते, कुठलं डोकं, कुठले पाय, हातात काय, पाठीला केप आहे की नाही.

किंमत बघताना एकच पथ्य. लोक किती मागतायत तो आकडा बघू नका, मागायला काय जातं. तिथेच मागच्या सहा महिन्यांत खरोखर कितीला विकलं गेलं ते दाखवतात, नवं वेगळं आणि वापरलेलं वेगळं. तुमचं वापरलेलं धरा. आणि डॉलरला रुपयाने गुणून जो आकडा येतो तो तुम्हाला नाशिकमध्ये बसून मिळणार नाही, इथे घेणारे मोजके, भाव करणारेच जास्त. उलटं पण आहे म्हणा, बाहेरून मागवायचं तर टपाल आणि ड्यूटी लागते, खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, म्हणून आपल्याकडे हातात असलेल्या मालाला थोडी जास्त किंमत देणारे भेटतात.

आता गंमत. नवख्या माणसाला वाटतं बॅटमॅन, आयर्नमॅन, स्पायडरमॅन हे महाग असणार. असं नसतं. ते इतक्या सेटमध्ये येतात की ढिगाने पडलेत. महाग पडतो तो एकाच सेटमध्ये येऊन गायब झालेला. तुमच्या लाल-काळ्याचं बोलू. तो २०१२ च्या ६८६६ नंबरच्या सेटमधला असेल, वुल्व्हरीनची मोटारसायकल असलेला, मॅग्नेटो पण त्यातच होता, तर तुमच्या नाशिकरोडवाल्या साहेबांची घाई मला कळली. तो एकटा बाकीच्या डब्याला भारी पडू शकतो. पण त्याच कारणाने त्याचे डुप्लिकेट पण गल्लोगल्ली. मानेचा खुंट बघा आणि क्लोज-अप फोटो टाका.

टकला कोण ते मला कळलंय पण आधी फोटो टाका.

सिडको_चा_राजा

५८ बाहुल्यांवर एवढी चर्चा 😂 भाऊ खेळू द्या पोराला

गंगापूररोड_ब्रिक्स

राजे, तुमच्याकडे जुनी नाणी आहेत ना, मागच्या धाग्यात तीन पानं लिहिली होती तुम्ही एका पैशावर. बसा गप.

अंबड_मोल्डिंग

मी गोळाबिळा करत नाही पण हा विषय दिसला म्हणून लिहितोय, अंबड एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगमध्ये बावीस वर्षं काढली, टूलरूममध्ये सुरुवात केली होती. माझ्या पुतण्याने एकदा एक असली आणि एक नकली आणून दिला होता की काका सांगा कुठला खरा, आणि मला नाव वाचायची गरजच पडली नाही.

हातात घेतल्यावर आधी पार्टिंग लाईन बघा, म्हणजे डायचे, साच्याचे, दोन भाग जिथे मिळतात ती रेघ. नकलीमध्ये ती हाताच्या बाजूने, पायाच्या कडेने नखाला लागते, कधीकधी पापुद्रा राहिलेला असतो, आम्ही फ्लॅश म्हणतो. डाय घासली की फ्लॅश येतो, आणि घासलेल्या डायवर शॉट मारत राहिलं की माल स्वस्त पडतो, हा सगळा धंदा तिथेच आहे. दुसरं, गेटचा टिपका, जिथून माल आत शिरतो तो. चांगल्या डायमध्ये तो जोडात किंवा आत लपवलेला असतो, नकलीत तो कधी डोक्यावर कधी कुल्ह्यावर, आणि कापताना कातरलेला. तिसरं, सिंक मार्क, जाड भाग थंड होताना आत ओढला जातो आणि खळगा पडतो, पायाच्या मागच्या बाजूला उजेड फिरवून बघा.

पाय लोंबतात ते का, तर जोडाचं माप. लेगोवाले १९६३ पासून एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये करतात, त्याआधी सेल्युलोज अ‍ॅसिटेट वापरायचे ते वाकायचं. एबीएसचा दाणा चांगला असला आणि डाय मायक्रॉनच्या हिशोबाने राखलेली असली की जोड घट्ट बसतो आणि हजार वेळा काढून घातला तरी बसतो. नकलीत रिग्राइंड, म्हणजे दळलेला जुना माल मिसळतात, मग चिवटपणा जातो. तुमचा कट्ट आवाज करणारा बॅटमॅन म्हणून खरा असायची शक्यता जास्त. शक्यता म्हणतोय, कारण नकली पण आता पूर्वीसारखे टाकाऊ राहिले नाहीत. चीनमध्ये लेपिन नावाचा मोठा कारखाना होता, २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी धाड टाकून डायसकट माल उचलला, त्यांचा माल खरंच जवळ जाणारा होता असं पुतण्या सांगतो.

छपाईबद्दल एक गैरसमज काढतो. ही पॅड प्रिंटिंग असते, सिलिकॉनचा मऊ गोळा शाई उचलतो आणि वाकड्या पृष्ठभागावर ठेवतो, एकेका रंगाला एकेक ठोका. गडद प्लास्टिकवर फिकट रंग मारला की तो मळकट दिसतो, खालचा रंग वर डोकावतो. हे खऱ्या मालात पण होतं. मी पाहिलेल्या खऱ्या धडावर गळ्याची कातडी चेहऱ्यापेक्षा करडी होती, पुतण्या म्हणाला हे कंपनीचंच आहे, लोक बोंबलतात त्याच्यावर. तेव्हा रंग फिका म्हणून नकली ठरवू नका. रेघ बघा. खऱ्यात बारीक रेघेची कड धारदार असते, नकलीत भिंगाखाली कड पसरलेली, आणि दोन रंगांमध्ये कपडा सरकल्यासारखी फट.

आणि एक, काखेखाली बघा. धडाच्या कडेला काखेपासून खाली उभी केसासारखी चीर असते. हात आत दाबून बसवलेला असतो, तो ताण कायम राहतो, काही वर्षांनी तिथून तडकतं. ती चीर वाढतेच, चिकटवून काही होत नाही, विकायचं असेल तर आधी सांगून टाका.

स्मिता_कॉलेजरोड

मी आई या नात्याने घुसते मध्ये 🙂 माझ्या दोन्ही मुलांचे असेच डबे आहेत आणि मी ते खराब करायचे सगळे प्रयोग करून बसले आहे.

प्रयोग पहिला, उशीच्या अभ्र्यात बांधून वॉशिंग मशीनमध्ये. छपाई अर्धी गेली, केपच्या कडा सुटल्या, आणि एक हात फिल्टरमध्ये अडकून मेकॅनिकला बोलवावं लागलं. कोमट पाणी, ४० डिग्रीच्या आत, थोडा भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं, बास. कंपनीही हेच सांगते. केप पाण्यात घालू नका, जुन्या केप खळ दिलेल्या कापडासारख्या कडक असतात, एकदा मऊ झाल्या की परत तशा होत नाहीत आणि कडेचे दोरे निघतात. हाताने झटका, सरळ करून वहीत दाबून ठेवा.

प्रयोग दुसरा, पेनचा डाग काढायला नेलपेंट रिमूव्हर. अहो चेहराच विरघळला! खालचं प्लास्टिक पण चिकट झालं. आता मोल्डिंगवाल्या काकांनी सांगावं का ते.

प्रयोग तिसरा म्हणजे शोकेस खिडकीत ठेवणे. दोन उन्हाळ्यांत पांढरे पिवळे पडले आणि करडे मेंदीसारखे झाले.

आणि एक कळकळीने, ते डुप्लिकेटचं ताट आहे ना, ते लहान बाळ घरात असेल तर आधी उचला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे पण मेन रोडला पाकिटातून सुटे मिळतात त्यावर कुठला मार्क. त्या कुरतडलेल्या डोक्यावरून कुत्र्याने काय काय गिळलं असेल देव जाणे.

अंबड_मोल्डिंग

ताई, रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. आम्ही तुटलेले एबीएसचे पार्ट त्यानेच जोडतो. सॅनिटायझर पण नको, ताण असलेल्या जागी चिरा पाडतं, वर सांगितलेली काखेची जागा त्यातलीच.

इंदिरानगरचा_मी

मंडळी धन्यवाद, काल रविवार पूर्ण यात गेला. बायकोने चहा दिला पण बोलली नाही. पोरगं आणि मी, जमिनीवर चादर, देवघरातली वाचायची भिंग, मोबाईलचा टॉर्च आडवा. पहिल्या दहा मिनिटांत काही दिसेना, मग त्याने टॉर्च जमिनीला टेकवून धरला आणि ओरडला, बाबा अक्षरं! खरंच, तांदळाच्या दाण्याएवढ्या खुंटावर नीट लिहिलेलं. मग काय, मुंडकी छाटण्याचा कार्यक्रम.

हिशोब: ५८ पैकी ३६ धडांवर नाव, २२ वर नाही. ३६ मध्ये काखेची चीर असलेले ५. तीन ठिकाणी मुंडकं भलतंच (एका बॅटमॅनच्या टोपीखाली हसऱ्या पोलिसाचं डोकं निघालं). काका म्हणाले तसा फ्लॅश २२ पैकी जवळजवळ सगळ्यांच्या हाताला लागला, एकदा नखाला कळलं की मग बघायची पण गरज नाही पडत.

डेडपूलच्या मानेवर नाव आहे. फोटो टाकलेत, पुढून मागून बाजूने. तलवारी तळाच्या पसाऱ्यात दोन सापडल्या, पण त्याच्याच की दुसऱ्या कुणाच्या माहीत नाही. आणि एक आयर्नमॅन आहे, हेल्मेटचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि आत माणसाचा चेहरा, पोराला त्याचे हात काढून धुवायचेत, काढू?

टकल्याचा फोटो पण टाकलाय.

गंगापूररोड_ब्रिक्स

आयर्नमॅनचे हात अजिबात काढू नका!! तो गडद लाल रंग त्या काळातला बदनाम रंग आहे, गडद लाल आणि तपकिरी, साधारण तेव्हाचे तुकडे ठिसूळ होतात, हात काढायला गेलं की खांद्यात तुकडा राहतो. माझे दोन गेलेत असे. हेल्मेटची झडप पण सारखी उघडझाप करू देऊ नका, बिजागरीशी पांढरी रेघ आली की समजा संपलं.

डेडपूल बघितला. छपाई मला ठीक वाटते, चेहरा पण जुळतो, रेघा धारदार आहेत. छातीवर डावीकडे घासलंय थोडं, म्हणजे उत्तम वापरलेला नाही, बरा वापरलेला म्हणा. चीर नाही हे मोठं. ब्रिकलिंकवर वापरलेल्याची सहा महिन्यांची विक्री बघा, आकडा मी इथे लिहीत नाही, तुम्हीच बघा आणि मग ६५०० आठवा.

टकला म्हणजे लोकी. टकला नाहीये तो, त्याचं सोनेरी शिंगांचं हेल्मेट हरवलंय म्हणून टकला. २०१२ मध्ये हा एकाच वर्षात तीन सेटमध्ये आला, ६८६७, ६८६८, ६८६९, त्यामुळे तो स्वतः काही दुर्मीळ नाही. पण शिंगांशिवाय त्याला काही अर्थ नाही. अशा मिनीफिगरची अर्धी किंमत त्या एका तुकड्यात असते. ६८६९ वरून आठवलं, ढिगात ब्लॅक विडो असेल तर जपा, त्या वर्षी ती फक्त त्याच सेटमध्ये होती. आणि कोणी तुम्हाला सॅन दिएगो कॉमिक-कॉनला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या मेळ्यात, वाटलेले मिनीफिगर म्हणून काही विकायला आलं तर दार लावून घ्या, ते इतके महाग आहेत की बाजारात फिरणारे बहुतेक नकलीच.

सिडको_चा_राजा

बरं एक प्रामाणिक प्रश्न, नाव असलेल्या ३६ चं काय करायचं मग? विकायचे की ठेवायचे?

गंगापूररोड_ब्रिक्स

आलात ना लायनीवर. माझं मत, चीर पडलेले पाच, भलत्या मुंडक्याचे आणि बावीस डुप्लिकेट पोराला खेळायला मोकळे सोडा, फोडू दे. साधे बॅटमॅन स्पायडरमॅन पण खेळातच ठेवा, त्यांचे काही फार येणार नाहीत. डेडपूल आणि विडो असेल तर ती, बाजूला ठेवा अंधाऱ्या कपाटात. सगळा डबा एकगठ्ठा विकणं म्हणजे हापूसची पेटी कैऱ्यांच्या भावाने देणं. आणि गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एकदा चक्कर मारा, जुन्या खेळण्यांच्या ढिगात सुटे हात, केस, टोप्या मिळतात कधीकधी, मला एकदा दहा रुपयांत जोकरचे केस मिळाले होते. शिंगं मात्र नाही मिळाली कधी.

इंदिरानगरचा_मी

अपडेट देतो. नाशिकरोडवाल्याचा परवा फोन आला. मी म्हटलं डेडपूल पोराने ठेवून घेतला, बाकी ५७ घ्या, तेवढेच ६५०० द्या. दोन सेकंद गप्प. मग म्हणे नाही दादा, मग माझ्या कामाचं नाही. मी म्हटलं ५००० द्या, ३००० द्या. फोन ठेवला. काय ते कळलं.

ब्रिकलिंकवर आकडा बघितला. बायकोला दाखवला. तिने चहाबरोबर बिस्किट पण दिलं.

विडो सापडली, मान तपासली, नाव आहे, पण केस दुसरीचे होते, खरे केस पोलिसाच्या डोक्यावर निघाले.

आणि लोकीचं ऐका. मामीला सहज फोन केला की काही बारकं सोनेरी प्लास्टिकचं शिंगासारखं घरात दिसतं का बघा. मामी म्हणाली अरे ते होय, ते तर मी गौरीच्या दागिन्यांच्या डबीत ठेवलंय, मला वाटलं मखराच्या कमानीचं तुटलेलं टोक आहे, तीन वर्षं गणपतीत लावतेय मी ते. रविवारी पंचवटीला जाऊन आणतो. मामी म्हणते बदल्यात दुसरं काहीतरी सोनेरी आण, कमानीला रिकामं दिसेल.